परभणीत खायला काही नाही म्हणणाऱ्यांसाठी

फोनवर परभणीतली चांगली हॉटेलं शोधली तर साधारण काय सापडतं ते सांगतो. लॉजला जोडलेली काही रेस्टॉरंट, दोन-चार फॅमिली गार्डन, बायपासचे ढाबे, बिर्याणीची ठिकाणं आणि एखादा पिझ्झा. मेनूकार्ड उघडलं की पनीर अंगारा, काजू करी, शेवभाजी, व्हेज मंचुरियन, तंदूर रोटी. जे नगरला मिळतं, जळगावला मिळतं, हायवेवर कुठंही मिळतं तेच. खाद्यभ्रमंतीला निघालेला माणूस हे बघतो, रील न करताच पुढं नांदेडला निघून जातो आणि मत बनवतो की परभणीत खायला काही नाही.

हे मत पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी इतक्यांदा ऐकलंय की ते कुठल्या क्रमानं येणार हेही पाठ झालंय. कोल्हापूरला तांबडा-पांढरा, नागपूरला सावजी, मालवणला मासे, खानदेशात भरीत. तुमच्याकडं काय? मग थोडा विचार करून समोरचाच म्हणतो, "औरंगाबादला ते नान खलिया असतं ना." झाला मराठवाडा. आठ जिल्ह्यांचं जेवण एका शहरातल्या एका पदार्थात उरकलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटाबेसमध्ये शून्य आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. नलला शून्य समजून पुढं जाणारा प्रोग्रॅम चुकीची उत्तरं देतो आणि एकदाही अडखळत नाही. मराठवाड्याच्या जेवणाचं हेच झालंय. रेटिंग पाटी लावलेल्या दुकानाला मिळतं. ज्या जेवणाला पाटी नाही, बिल नाही, जीएसटी नंबर नाही, ते कुठल्याच यादीत येत नाही. आणि आमचं जवळजवळ सगळं जेवण याच प्रकारात मोडतं.

विकत न मिळणारं

येसर घ्या. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ. फोडणीत पाणी उकळायचं, त्यात दोन चमचे येसर घालायचं, आमटी तयार. घरात भाजीचं पान नसलं तरी भाकर कोरडी खावी लागत नाही. झटपट सूपची पाकिटं बाजारात आली त्याच्या कितीतरी आधी हे प्रकरण आमच्या डब्यांत होतं. हुलग्याच्या पिठाचे वळून, लसणाच्या तिखट पाण्यात उकडलेले शेंगुळे. वरणात शिजलेली वरणफळं. ओल्या फडक्यावर थापलेली धपाटी आणि त्यावर दही. ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी. जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची चटणी. उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची आंबील. डिसेंबर-जानेवारीत शेतात आगटी पेटवून, गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून, गरम गरम तळहातावर चोळून खाल्लेला हुरडा.

या सगळ्यात एक हिशोब दिसतो. तेल कमी, पाणी कमी, भांडी कमी. वाळवता येईल ते वाळवायचं, भाजून टिकवता येईल ते टिकवायचं. पाऊस कधी दगा देईल याचा नेम नसलेल्या मुलखानं बसवलेला हा स्वयंपाक आहे. त्यात नारळ नाही, मासे नाहीत, तुपाची धार नाही. फोटोत तो तपकिरी दिसतो. म्हणून तो स्वयंपाकच नाही, असं ठरवणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांची नाही तर कॅमेऱ्याची भूक भागवलेली असते.

आमच्या दक्षिणेला लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी शहरंच्या शहरं ओस पडतात, लोक शेतात जातात. कडब्याची कोप करून पूजा होते. तूर, वाटाणा, हरभरा, वालाच्या शेंगा, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या जेवणावळींपैकी ही एक असेल, पण तिला लोकेशन नाही, बुकिंग नाही आणि दुसऱ्या दिवशी ती मिळत नाही. कुठल्या यादीत टाकणार?

हॉटेलात भाकर का नाही

आता लगेच कुणीतरी म्हणेल, मग तुम्हीच विका ना. तुमचेच लोक हॉटेलात पनीर मागवतात, दोष आम्हाला का?

मागवतात, बरोबर आहे. जिंतूरहून बाजाराला आलेला किंवा सोनपेठहून दवाखान्यात आलेला माणूस सकाळी भाकर खाऊन निघालेला असतो, नाहीतर फडक्यात बांधून आणलेली असते. पैसे मोजून पुन्हा तेच खायचं कशाला? लग्न जुळवायला आलेल्या पाहुण्यांना पनीर खाऊ घातलं की खर्च केल्यासारखा दिसतो. घरी मिळत नाही ते खायलाच माणूस हॉटेलात जातो. दादरचा माणूसही हॉटेलात जाऊन साधा वरणभात मागवत नाही. त्याची कुणी संस्कृती काढत नाही.

दुसरं कारण पिठात आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. गव्हाची कणीक मळून ठेवली तर ती आणखी मऊ होते, म्हणून तंदूरवाला गोळे करून रांगेत मांडून ठेवू शकतो. ज्वारीचं पीठ असं थांबत नाही. गरम पाणी घालून एका-दोन भाकरींपुरतं पीठ काटवटीत तळहातानं रगडायचं, लगेच थापायचं, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचं आणि जाळावर फुगवायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकर थापतानाच चिरते. शंभर गिऱ्हाइकं आली तर हे शंभरदा करावं लागतं. हे मशीनवर टाकता येत नाही असं नाही, पण मशीनची भाकर ज्यानं खाल्लीय त्यानं ती दुसऱ्यांदा मागवल्याचं मी पाहिलेलं नाही.

म्हणजे भाकर विकायची तर चुलीपुढं तासन् तास बसणारं माणूस लागतं. घरी हे काम बाई करते आणि तिला त्याचे पैसे मिळत नाहीत. ज्या कामाला घरात किंमत नाही त्याला बाजारात कोण देणार? हॉटेलवाला हिशोब करतो आणि तंदूर लावतो.

एक हिशोब मीही केला. २०२४-२५ च्या खरिपात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. किलोभर पिठात साधारण दहा भाकरी होतात. म्हणजे एका भाकरीतली ज्वारी साडेतीन रुपयांच्या आत. पुण्यात मी राहतो त्या भागात 'गावरान' नावाच्या हॉटेलांत तीच भाकर तीस-चाळीस रुपयांना मिळते. दळण, गॅस, भाडं, कर सगळं धरा. तरी पिकवणाऱ्याला दहावा हिस्सासुद्धा जेमतेम मिळतो. आणि थापणाऱ्या बाईला किती, हे बिलावर लिहिलेलं नसतं.

गरिबाचं ते श्रीमंताचं कसं झालं

ज्वारी आमच्याकडं नुसतं धान्य नव्हतं, तो दर्जा होता, आणि खालचा. पाहुणा आला की पोळी, घरच्यांना भाकर. सणाला गहू, रोज ज्वारी. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली. त्या पिढीतल्या माणसांपुढं मिलोचं नाव काढलं तर आजही त्यांचा चेहरा बदलतो. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना पुढं गहू परवडायला लागल्यावर त्यांनी तो आवडीनं खाल्ला. त्यांना 'मुळांपासून तुटलेले' म्हणणाऱ्यानं आधी एक उन्हाळा मिलो खाऊन दाखवावी.

त्याच १९७२ साली १८ मेला परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. या विद्यापीठानं रब्बीसाठी 'परभणी मोती' दिली, हुरड्यासाठी 'परभणी वसंत' दिली. भेंडीची 'परभणी क्रांती' तर देशभरातल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये इक्रिसॅटसोबतच्या कामातून 'परभणी शक्ती' आली. नेहमीच्या ज्वारीत किलोला साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं, तिच्यात ४५ आणि ३२ च्या आसपास. कोणत्या हॉटेलात जायचं हे विचारणाऱ्याला मी सांगेन की परभणीचं नाव देशाच्या जेवणात असंच गेलंय, बियाण्याच्या पिशवीवर.

पण वाण काढणं वेगळं आणि ते पेरलं जाणं वेगळं. खरिपात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. कारण साधं आहे. काढणीच्या वेळी पाऊस पडला की ज्वारीचं कणीस काळं पडतं आणि भाव जातो. पाखरं राखावी लागतात, कापणी-खुडणीला मजूर लागतात. सोयाबीन लवकर निघतं, मळणीयंत्रातून थेट बाजारात जातं. २०२४-२५ चा त्याचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. प्रत्यक्ष बाजारात भाव त्याच्याही खाली घसरले हे खरं, पण पेरताना माणूस कागदावरचा आकडा बघतो. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरं कमी झाली आणि ताकाची आंबील करायला घरचं ताक उरलं नाही. पाककृती अशा हरवतात. वहीत लिहून ठेवायची राहिली म्हणून हरवतात, हा शहरी समज आहे.

मग २०२३ आलं. संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. अर्थसंकल्पाच्या भाषणात ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' म्हटलं गेलं. मॉलमध्ये ज्वारीचे पफ आले, डाएटिशियननी भाकर लिहून दिली. इकडं रेशनच्या दुकानात काय होतं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर होते. २०२३ पासून धान्य मोफत झालं. पण पिशवीत बहुतेक महिने येतो तो गहू आणि तांदूळ. जिथं ज्वारी खाल्ली जात होती तिथं सरकारनं गहू-तांदळाची सवय लावली आणि जिथं गहू खाल्ला जात होता तिथं बाजारानं ज्वारी चढ्या भावानं विकली. याला खाद्यसंस्कृतीचं पुनरुज्जीवन म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

थाळीत कोण नाही

पुण्या-मुंबईत हल्ली 'अस्सल मराठवाडी थाळी' मिळते. पितळी ताट, त्यात भाकर, पिठलं, ठेचा, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, शेवटी पुरणपोळी. चव बरी असते. माझा राग चवीवर नाही, 'अस्सल' या शब्दावर आहे.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकावरचं हे पुस्तक. भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' २०२४ मध्ये आला, आणि मग अनेक मराठी वाचकांना मूळ पुस्तकाची आठवण झाली. पुस्तकाचं नावच एका सुभाषिताला दिलेलं उत्तर आहे. ज्यांच्या वाट्याला उरलेलं, टाकलेलं, मेलेलं आलं, त्यांच्यासाठी अन्न पूर्णब्रह्म कसं असेल? मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या, रक्ती, वजडी हे पदार्थ येसर-शेंगुळ्यांच्याच मुलखातले. गाव एक, दुष्काळ एक, चूल वेगळी. वाळवून टिकवण्याचं तेच शहाणपण, पण एका वाळवणाला आपण परंपरा म्हणतो आणि दुसऱ्याचं नाव घेताना आवाज खाली करतो. २०१५ मध्येच महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. पुस्तकात नोंदलेल्या स्वयंपाकाचा मोठा भाग त्याच वर्षी कायद्याच्या पलीकडं गेला. पितळी ताटात त्यातलं काही येणार नाही, हे सांगायला नकोच.

दुसरी गैरहजेरी मुसलमानी चुलीची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती. दालचा, तहरी, सकाळची नहारी हे इथं 'हैदराबादी फूड फेस्टिव्हल'मधून आलेलं नाही. ते शेजारच्या गल्लीतलं आहे. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा निम्मं शहर तिथं असतं आणि त्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात. तरीही 'मराठवाडी' म्हटलं की तहरी आपोआप गळते. तिला कुणी काढून टाकत नाही, यादी करणाऱ्याच्या डोक्यातच ती नसते.

म्हणून हॉटेलची यादी अपुरी आहे एवढंच माझं म्हणणं नाही. यादीत यायच्या आधीच निवड झालेली असते. जात, धर्म आणि ऐपत या तीन चाळण्यांतून गाळून उरलेलं ताटात येतं, आणि त्यालाच आपण 'मातीची चव' म्हणतो.

आजीचा हात

अशा जेवणावर लिहिताना 'आजीच्या हातची चव' हा शब्दप्रयोग हमखास येतो. आजीला कुणी विचारलं होतं का?

संत जनाबाई गंगाखेडच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. नामदेवांच्या घरी दासी. दळण, कांडण, शेण-पाणी यात दिवस जायचा, आणि तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. सातशे वर्षांपूर्वी एका बाईनं स्वयंपाकाआधीच्या कामाबद्दल इतकं स्पष्ट सांगून ठेवलं: हे काम एकटीनं होत नाही, कुणीतरी दुसऱ्या बाजूनं खुंटा धरा. आपण त्यातला विठ्ठल घेतला आणि दळण तिच्याकडंच ठेवलं.

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जातं सुटल्याचं दुःख कुठल्या बाईनं केल्याचं मी ऐकलेलं नाही. गॅस आल्यावर चुलीच्या धुरासाठी कुणी रडलं नाही. चुलीवरच्या चवीचं कौतुक बहुतेक वेळा चुलीसमोर न बसणाऱ्यानं केलेलं असतं. त्यामुळं पारंपरिक पाककृती जपायच्या म्हणजे बायकांना पुन्हा पाट्या-वरवंट्याकडं ढकलायचं, असा अर्थ कुणी काढत असेल तर मी त्याच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. ज्या पाककृतीला टिकायला कुणाचं तरी फुकटचं आयुष्य लागतं ती संपलेली बरी. टिकवायची असेल तर तिच्या मजुरीसकट टिकवा.

आणि 'हिडन जेम' म्हणणं बंद करा. गावातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खानावळीला लपलेलं रत्न म्हणणाऱ्यानं ती कुणापासून लपली होती हे एकदा स्वतःला विचारावं.

मग यायचं की नाही

या, जरूर या. कुणी खाऊ नये, विकू नये असं मी म्हणत नाही. विकल्यानं संस्कृती बाटते हा पोकळ अभिमान मला मान्य नाही. कोल्हापूर-नागपूरच्या बायका-पुरुषांनी आपलं जेवण विकून घरं चालवली, त्यात गैर काय? आमच्याकडंही बायकांच्या खानावळी आहेत, बचतगटांचे स्टॉल लागतात, बायपासच्या काही ढाब्यांवर मटणासोबत भाकर मिळते. तिथं जा. पण काही अटी आहेत.

हंगाम बघून या. हुरडा एप्रिलमध्ये मागू नका आणि आंबील जानेवारीत. भाकरीच्या दरात घासाघीस करू नका. पिझ्झ्याला चारशे देताना हात थरथरत नसेल तर भाकरीला पंचवीस देताना 'गावात एवढे?' हे तोंडातून काढू नका. व्हिडिओ करणार असाल तर हॉटेलच्या मालकासोबत भाकर थापणाऱ्या बाईलाही विचारा, तिला दिवसाला काय मिळतं. तिची परवानगी असेल तर तिचं नाव सांगा. एका गल्लीत जेवून सगळ्या जिल्ह्याचं मत देऊ नका, दुसऱ्या गल्लीतही जा, आणि तिथं काय शिजतंय हे नाक न मुरडता विचारा. सगळं खाल्लंच पाहिजे असं नाही. पण जे खाल्लं नाही ते अस्तित्वातच नाही असं लिहू नका.

आमच्याकडच्या पोरांनाही एक सांगणं आहे. शहरात डबा उघडताना भाकर झाकून खायची गरज नाही, हे तर झालंच. त्याहून महत्त्वाचं, घरी गेल्यावर एकदा काटवट ओढून स्वतः भाकर थापून बघा. पहिल्या पाच भारताच्या नकाशासारख्या होतील. सहाव्या भाकरीपर्यंत मनगट दुखायला लागेल, आणि ज्या कामाला आपण 'प्रेम' म्हणून मोकळे होतो त्याला कामच म्हणायला शिकाल.

आणि एवढं करून पुढचा व्हिडिओ करायचाच असेल तर तो हॉटेलसमोर करू नका. परभणीतल्या एखाद्या रेशन दुकानासमोर उभे राहा. आत जाऊन विचारा, मागच्या बारा महिन्यांत ज्वारी किती महिने आली. जे उत्तर मिळेल ते कापू नका, तसंच्या तसं टाका.